क्रूझ निवडताना : जहाजावर सोबत कोण असणार, आणि ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं का?

क्रूझबद्दल विचारायला येणारी मंडळी आधी भाडं विचारतात, मग बाल्कनी, मग "जेवण आपलं मिळतं ना?" बाकीचे प्रवासी कोणत्या वयाचे असतील आणि पिण्याच्या पॅकेजचं काय करायचं, हे दोन प्रश्न अगदी निघताना, दारात चपला घालता घालता येतात. सहलीचा विचका मात्र बहुधा याच दोन ठिकाणी होतो. गेली काही वर्षं मी डोंबिवलीत बसून लोकांची क्रूझची बुकिंगं करते, स्वतःही पाच-सहा जहाजांवर राहून आलेय. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी लिहूनच काढले. किमती सारख्या बदलतात, त्यामुळे हिशोबातले आकडे समजण्यापुरतेच धरा.

जहाजावर कोणत्या वयाचे लोक असतील, हे आधी कळतं का?

यादी कोणी देत नाही, पण अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. पहिली खूण म्हणजे रात्री किती. तीन-चार रात्रींच्या क्रूझवर मित्रांचे घोळके, ऑफिसच्या सहली, लग्नाआधीच्या पार्ट्या आणि लहान मुलं घेऊन आलेली जोडपी असतात. सात रात्रींना सगळी मिसळ. चौदाच्या पुढे गेलात की पांढऱ्या केसांचं राज्य. शंभर-सव्वाशे दिवसांच्या जगप्रदक्षिणेला तर निवृत्त माणसांशिवाय एवढी रजा असते कोणाला?

दुसरी खूण शाळेच्या सुट्टीची. पण आपल्या शाळांच्या नव्हे, जहाज जिथून सुटतं तिथल्या. इथे लोक हमखास फसतात. "जूनच्या मध्याला आपल्याकडच्या शाळा सुरू होतात, म्हणजे मुलं कमी असतील" असं म्हणून सिंगापूरचं तिकीट काढतात, आणि तिथे जूनमध्ये नेमकी चार आठवड्यांची सुट्टी असते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरपर्यंत पुन्हा सहा आठवडे. अमेरिकेत मार्चमध्ये कॉलेजांना सुट्टी पडते, तेव्हा फ्लोरिडाहून सुटणाऱ्या छोट्या क्रूझवर पोरापोरींचा कल्ला. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास सगळा देशच सुट्टीवर निघतो. त्या आठवड्यात भूमध्य समुद्रातलं जहाज म्हणजे मे महिन्यातली कोकणकन्या समजा, फक्त एसी आणि पोहण्याचा तलाव असलेली.

तिसरी खूण फारसं कोणी बघत नाही, पण मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. प्रत्येक जहाजाच्या क्षमतेचे दोन आकडे असतात. एक केबिनमागे दोन माणसं धरून, दुसरा सगळे पलंग भरले तर. 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालं. त्याचा पहिला आकडा ५,६१० आणि दुसरा ७,६००. मधले जवळजवळ दोन हजार कोण? सोफ्याचा पलंग करून आणि छतातून खाली ओढलेल्या बर्थवर झोपणारे. म्हणजे मुख्यतः मुलं. जितका फरक मोठा, तितकी पाण्याच्या घसरगुंडीपुढची रांग लांब.

लहान मुलं अजिबात नकोत. अशी जहाजं असतात का?

असतात, पण "मुलं नाहीत" म्हणजे "शांतता आहे" असं धरून चालू नका. व्हायकिंग कंपनीच्या समुद्री जहाजांवर १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथे कॅसिनो नाही, ग्रंथालय आहे, बंदराच्या इतिहासावर व्याख्यानं होतात आणि दहाच्या सुमाराला बहुतेक जण खोलीत गेलेले असतात. व्हर्जिन व्हॉयेजेसलाही १८ चीच अट. पण तिथे जहाजावर चक्क टॅटू काढून देणारं दुकान आहे आणि डीजे पहाटेपर्यंत वाजतो. वयाची अट एकच, पण दोन्हीकडचं वातावरण अगदी वेगळं.

इंग्लंडहून निघणाऱ्यांमध्ये पी अँड ओ कंपनीची 'आर्केडिया' आणि 'अरोरा' ही दोन जहाजं फक्त प्रौढांसाठी आहेत. सागा कंपनी आणखी पुढे जाते. प्रवासी पन्नाशीच्या पुढचा हवा, सोबतचा माणूस निदान चाळिशीचा. लंडनजवळ मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी मी ही नावं आवर्जून सुचवते. साउथॅम्प्टनहून चढलं की विमानतळाची दगदग वाचते.

आणि फक्त "फार म्हाताऱ्यांमध्ये अडकायचं नाही" एवढंच हवं असेल तर?

मग रात्री कमी, जहाज नवं आणि मोठं, आणि गरम पाण्याचा समुद्र. अलास्का मे ते सप्टेंबर चालतं. त्यातल्या मे आणि सप्टेंबरमध्ये ज्येष्ठ मंडळी जास्त, जून-जुलैत अमेरिकन कुटुंबं. अटलांटिक ओलांडणाऱ्या एप्रिल-ऑक्टोबरच्या क्रूझ भाड्याला फार स्वस्त दिसतात. जहाज एका मोसमातून दुसऱ्या मोसमात हलवायचं असतं म्हणून त्या निघतात. पण सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही, आणि बरोबरीला ब्रिज खेळणारे आजी-आजोबा. मला स्वतःला हे आवडलं असतं. तुमच्या चोवीस वर्षांच्या मुलाला नाही आवडणार.

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर कोण असतं?

कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं. जहाज १९९० सालचं, आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकन क्रूझ कंपनीकडे होतं. त्यामुळे मायामीच्या जाहिराती बघून अपेक्षा बांधू नका, पण पहिल्यांदा समुद्रावर झोपून बघायला उत्तम. शुक्रवारी सुटणारी दोन रात्रींची फेरी म्हणजे पार्टी. सोमवारनंतरच्या फेऱ्यांना कुटुंबं, ज्येष्ठ नागरिकांचे गट, कधी एखाद्या कंपनीचं संमेलन. आईवडिलांना पाठवताय तर आठवड्याच्या मधली फेरी घ्या. दोन फेऱ्यांच्या भाड्यात फरक असतो, पण झोपेत त्याहून मोठा फरक पडतो.

दारूपुरतं एवढं लक्षात ठेवा : महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५, आणि बंगाराम सोडता लक्षद्वीपच्या बेटांवर दारूबंदी. "जहाजावर मिळाली म्हणून" खिशात छोटी बाटली टाकून बेटावर उतरू नका.

सिंगापूरहून?

रिसॉर्ट्स वर्ल्डचं 'गेंटिंग ड्रीम' जून २०२२ पासून तिथून फेऱ्या करतंय. भारतीयांची गर्दी इतकी की बुफेत शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय आहे. वयाचं म्हणाल तर सगळं घरच आलेलं असतं. आजी, नातू, मधले दमलेले आईबाप. दारूचं पॅकेज इथे मुख्य मुद्दा नसतोच. तीन रात्रींत दोन दिवस तुम्ही पेनांग-फुकेतला उतरलेले असता.

ड्रिंक्स पॅकेज म्हणजे नक्की काय? अमर्यादित का?

रोज ठरावीक रक्कम भरायची आणि ठरलेल्या किमतीपर्यंतचं काहीही मागायचं, इतकंच. "अमर्यादित" शब्दाला अटींची शेपटी असते. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजमध्ये २४ तासांत दारूचे १५ पेले, पुढे बार बंद. रॉयल कॅरिबियनमध्ये प्रत्येक पेयाच्या किमतीला मर्यादा, त्याच्या वरचा फरक तुम्ही द्यायचा. एका वेळी एकच पेला मिळतो. जहाजावर मिळालेलं तुमचं कार्ड लावलं की बारवाल्याच्या पडद्यावर तुमचा फोटो येतो, त्यामुळे बायकोचं पेय नवऱ्याच्या कार्डावर हा प्रकार चालत नाही. शिवाय पॅकेज पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं. "मी फक्त शनिवारचं घेते" असं जमत नाही.

पॅकेजच्या किमतीवर वर १८ ते २० टक्के टीप लावतात. जाहिरातीत ती दिसत नाही. आणि जहाजावर चढून घेण्यापेक्षा आधी वेबसाइटवर सवलत असताना घेतलेलं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

घरात मी एकटाच घेतो, मिसेस घेत नाहीत. मग पॅकेज माझ्यापुरतंच घेतलं तर?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा पडतो. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही मोठ्या कंपन्यांचा नियम असा, की केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाने घ्यायचं. कारण उघड आहे, एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये. परिणाम असा की एकादशी-चतुर्थी करणाऱ्या काकूंच्या नावावर रोजचे ऐंशी-नव्वद डॉलर. गरोदरपण किंवा आजारपणाचं कारण सांगून कंपनीला फोन केला तर कधीकधी न पिणाऱ्याला बिनदारूचं पॅकेज देऊन सोडतात. तो कंपनीच्या मर्जीचा भाग, हक्काचा नाही.

म्हणून मी सांगते, जहाज निवडण्याआधी केबिनमध्ये कोण कोणासोबत झोपणार ते ठरवा. सगळा हिशोब तिथून सुरू होतो. दोन भाऊ सहकुटुंब निघालेत, दोघेही घेणारे आणि दोघी जावा न घेणाऱ्या. तर भाऊ-भाऊ एका केबिनमध्ये, जावा-जावा दुसऱ्या. दोन पॅकेजमध्ये काम होतं, चार लागत नाहीत. गेल्या वर्षी ठाण्याच्या एका कुटुंबाचं असंच बुकिंग केलं. परत आल्यावर धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी पॅकेज नसलं तरी अशाच केबिन दे गं."

पॅकेज वसूल होतं का?

चला, कागद घ्या. समजा पॅकेज रोजचं ७५ डॉलर. त्यावर १८ टक्के टीप, म्हणजे ८८ डॉलर ५० सेंट. कॉकटेल १३ डॉलरचं धरलं तर टीपसकट १५ डॉलर ३४ सेंट. पाच कॉकटेल घेऊन तुम्ही तोट्यात, सहाव्याला वसूल. बिअर ८ डॉलरची असेल तर दहाव्या बिअरला. रोज. सातही दिवस. ज्या दिवशी सकाळी सातला उतरून संध्याकाळी पाचला परत आलात, त्याही दिवशी.

आता नियमाप्रमाणे दोघांचं घेतलं तर सात रात्रींचे १,२३९ डॉलर, म्हणजे लाखाच्या वर रुपये. तेच एकाने रोज तीन कॉकटेल पैसे मोजून घेतली तर आठवड्याचे साधारण ३२२ डॉलर होतात. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जोडप्यांना मी पॅकेज घेऊ नका म्हणते. त्यात माझं कमिशन बुडतं, हेही सांगून टाकते.

मग कोणाला परवडतं? ज्यांच्या सफरीत समुद्रातले दिवस जास्त आहेत त्यांना. 'क्वीन मेरी २' साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जाते, वाटेत एकही बंदर नाही. तिथे हिशोब वेगळा. उलट ग्रीक बेटांच्या क्रूझवर रोज नवं बेट, दुपारी तिथल्याच समुद्राकाठच्या हॉटेलात वाइन घेऊन मासे खायचे असतात. जहाजावरचं पॅकेज तेवढा वेळ नुसतं भाडं खातं. समुद्रातले दिवस मोजा, बंदरांचे वजा करा, मग ठरवा.

आणखी एक सांगते, जरा स्पष्टच. आपल्याकडे "वसूल" हा शब्द फार धोक्याचा. बुफेत वसूल करताना पोट बिघडतं, बारमध्ये वसूल करताना अख्खी सहल. पैसे भरलेत म्हणून पाचवा-सहावा पेला घेणारी माणसं दुसऱ्या दिवशी बंदरावर उतरलेली मी पाहिलेली नाहीत.

आम्ही कोणीच घेत नाही. मग पॅकेजचा विचारच नको ना?

दारूच्या पॅकेजचा नको, पण पेयांचा करा. बहुतेक जहाजांवर बुफेतलं पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लिंबूपाण्यासारखं काहीतरी फुकट असतं. ताजा रस, कॅपुचिनो, कोल्ड्रिंक, बाटलीतलं पाणी यांचे पैसे लागतात. माझ्या एका गिऱ्हाईक काकूंचा किस्सा. न पिणारं घर, पॅकेज नाही, खर्च शून्य अशा समजुतीत सात दिवस गेले. शेवटच्या सकाळी दाराखालून हिशोबाचा कागद सरकवलेला. काकूंनी चष्मा लावला आणि ओळ न ओळ वाचली. संत्र्याचा ताजा रस, अकरा वेळा. कॅपुचिनो, नऊ वेळा. आणि केबिनमधल्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या, रोज एक. बाटलीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवलेली होती. काका म्हणाले, "मला वाटलं, कंपनीचं नाव आहे."

अशा घरांसाठी बिनदारूचं पॅकेज मिळतं. त्यात रस, कॉफी, मॉकटेल, कोल्ड्रिंक येतं आणि किंमत दारूच्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी असते. मुलं दिवसाला चार कोल्ड्रिंकं पिणारी असतील तर नुसतं कोल्ड्रिंकचं पॅकेजही असतं. डिस्नीच्या जहाजांवर कोल्ड्रिंक भाड्यातच धरलेलं आहे, आणि दारूचं अमर्यादित पॅकेज ते विकतच नाहीत. व्हर्जिनवरही साधी कोल्ड्रिंकं आणि पाणी फुकट.

भाड्यातच दारू धरलेली जहाजं घ्यावीत का?

व्हायकिंगमध्ये दुपार-रात्रीच्या जेवणासोबत बिअर आणि वाइन धरलेली असते. सागा, मरेला या ब्रिटिश कंपन्यांत आणि रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्नसारख्या महागड्या जहाजांवर जवळपास सगळंच. अशा जहाजांवर केबिनच्या नियमाची कटकट नाही आणि वसुलीची घाईही नाही. त्यामुळे गंमत अशी की लोक कमी पितात. वय मात्र चढतं असतं. न पिणाऱ्या माणसाने इथे जायचं तर इतरांच्या वाइनचे पैसे आपण भरतोय, हे मनाशी धरून जावं. जेवण आणि शांतता तेवढ्या मोलाची वाटली तर खुशाल जा.

मुलगा १९ चा आहे. त्याला बिअर मिळेल का?

जहाज कुठून सुटतं त्यावर आहे. रॉयल कॅरिबियनचं उदाहरण घ्या. अमेरिकेहून सुटलं तर २१, युरोप किंवा आशियातून सुटलं तर साधारण १८. एकाच कंपनीचं एकाच आकाराचं जहाज, पण मायामीला तो कोल्ड्रिंक पिणार आणि बार्सिलोनाला बिअर. अमेरिकेहून निघताना आणखी एक अडचण येते. केबिनमध्ये निदान एक जण २१ चा लागतो, त्यामुळे दोन कॉलेजकुमारांना वेगळी केबिन सहसा देता येत नाही, आईबापांची केबिन शेजारीच असेल तर सूट मिळू शकते. नाहीतर एकाला बाबांसोबत झोपवा, दुसऱ्याला आईसोबत.

आजी-आजोबा, आम्ही आणि मुलं, अशा तीन पिढ्या एकत्र निघतोय. कोणतं जहाज?

मोठं. इथे मोठ्या जहाजाचा खरा उपयोग आहे, कारण सगळ्यांनी सगळा वेळ एकत्र राहायची गरज पडत नाही. रॉयल कॅरिबियनमध्ये मुलांचा क्लब तीन वर्षांपासून, पण डायपर सुटलेला हवा. सोलॅरियम नावाचा काचेखालचा भाग १६ वर्षांपुढच्यांसाठी, तिथे आजोबा पुस्तक तोंडावर ठेवून झोपू शकतात. कार्निव्हलवर तसाच भाग २१ च्या पुढच्यांना, फुकट. केबिन निवडताना आजी-आजोबांची लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. पाळण्यासारखं हलणं तिथे सगळ्यात कमी. आणि त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर काय आहे ते नकाशात बघा. डिस्को असेल तर वरच्या सगळ्या सल्ल्यावर पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत, महासागर ओलांडायचा असेल तर वर्षाच्या आतल्याला नाही. गरोदर बाईला २४ वा आठवडा लागण्याआधी सफर संपायला हवी.

बोट लागते. गोळी घेऊन वर एखादा पेग चालेल का?

नको. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, दारूने ती दुप्पट होते, आणि जहाजाच्या दारांना उंच उंबरे असतात. साखरेची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. जहाजावरच्या दवाखान्यात नुसतं तपासायलाही बरेच डॉलर लागतात. आणि प्रवासविम्याची बारीक अक्षरं वाचा. दारूच्या अंमलाखाली झालेली दुखापत बहुतेक पॉलिसींमध्ये धरत नाहीत.

घरून बाटली नेता येते का?

कडक दारू नाही. पेटीच्या तपासणीत काढून घेतात, आणि कार्निव्हलसारख्या कंपन्या ती परतही देत नाहीत. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल चढताना हातातल्या सामानात माणशी एक वाइनची बाटली नेऊ देतात. ती जेवणाच्या टेबलावर नेली तर बूच काढण्याचे वेगळे पैसे. ड्यूटी फ्रीमधून घेतलेलंही उतरतानाच हातात मिळतं.

आणि चहा?

शेवटचा प्रश्न नेहमी हाच, आणि विचारणारी नेहमी आजी. जहाजावर फुकट चहा म्हणजे गरम पाणी, पिशवी आणि दुधाची इवलीशी कुपी. अमेरिकन जहाजांवर केबिनमध्ये किटली नेता येत नाही, जप्त होते. इस्त्रीचंही तेच. पी अँड ओसारख्या ब्रिटिश जहाजांवर किटली खोलीतच ठेवलेली असते, तिथे प्रश्न मिटला. बाकीकडे रिकामा थर्मास न्या, सकाळी बुफेत गरम पाणी भरून घ्या आणि साखर-दूध घातलेली तयार चहाची पुडी त्यात सोडा. बुफे उघडायच्या आधी उठणाऱ्यांनी रात्रीच भरून ठेवावं. आलं नेऊ नका, ताजी भाजी-फळं बऱ्याच बंदरांवर काढून घेतात. सीलबंद पुडीतली सुंठ मात्र आजवर माझ्या कोणाचीच अडवलेली नाही.